कोपऱ्यावर आम्ही ठेवलेल्या कुंड्या उचलून नेल्या. आता?

पायरीवरची | रविवार, रात्री १०:१५

गेल्या आठवड्यात आमच्या इमारतीतल्या सहा जणांनी एक बेकायदा काम केलं. त्यात मीही होते, तेव्हा आधी कबुली.

आमचा रस्ता तसा साधा आहे. पण मोठ्या रस्त्यावरून आत वळायचा कोपरा इतका गोल आणि ऐसपैस आहे की वळणाऱ्याला ब्रेकवर पाय ठेवायची गरजच पडत नाही. शाळेत जाणारी मुलं तिथूनच ओलांडतात. दोन वर्षं अर्ज चालू आहेत. पहिल्याला उत्तर आलं, 'पाहणी करू'. दुसऱ्याला, 'पाहणी केली'. तिसऱ्याला, 'सदर ठिकाणी अपघाताची नोंद नाही, सबब उपाययोजनेची आवश्यकता नाही'. नोंद व्हायला काय व्हावं लागतं ते त्यांनाही ठाऊक आहे आणि आम्हालाही. मागच्या महिन्यात त्याच कोपऱ्यावर तळमजल्यावरच्या आजोबांच्या कोपराला गाडीचा आरसा लागला. हाड मोडलं नाही, म्हणजे नोंद नाही.

मग एकदा पाऊस थांबल्यावर गॅलरीतून बघताना लक्षात आलं, की वळणाऱ्या चाकांच्या ओल्या वाटा ठरलेल्या आहेत आणि कोपऱ्याचा एक मोठा तुकडा कोणीच वापरत नाही. तो नुसता पडून असतो आणि त्याच्यामुळेच वळण सोपं होतं. शनिवारी रात्री आम्ही खडूने त्या तुकड्याची कड आखली आणि कडेने अकरा कुंड्या मांडल्या. प्रत्येकीला चमकणारी पट्टी लावली. दुसऱ्या दिवसापासून गाड्या अक्षरशः वळायला लागल्या, तोपर्यंत त्या नुसत्या वाहत होत्या. ओलांडायचं अंतरही चार पावलांनी कमी झालं. आजोबा दोनदा पलीकडे जाऊन आले, काम काही नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी ट्रक आला आणि कुंड्या घेऊन गेला. 'वाहतुकीस अडथळा'. एक फुटली, ती ठेवून गेले.

आता इमारतीत दोन तट आहेत. एक म्हणतो, परत मांडू. दुसरा म्हणतो, कुंड्या उचलता येतात, सिमेंट उचलता येत नाही, रविवारी मिळून स्पीडब्रेकरच घालून टाकू. दोन पोती आलीसुद्धा आहेत. मला दुसरं पटत नाहीये, पण का पटत नाही ते धड सांगता येत नाही. कोणी असं काही केलंय का?

नुसता_वाचक | रविवार, रात्री १०:३१

वाचतोय. रच्याकने (म्हणजे 'रस्त्याच्या कडेने', आपलं 'बाय द वे'. हा शब्द या धाग्यावर अक्षरशः घ्यावा लागेल, कारण कडेने चालायला जागाच नसते), फुटलेल्या कुंडीचा फोटो काढून ठेवा.

तिरकस | रविवार, रात्री ११:०२

अप्रिय बोलतो. रस्ता ही काय अंगण वाढवायची जागा आहे का? आज तुम्ही कुंड्या मांडल्यात, उद्या समोरचा खुर्च्या मांडेल, परवा कोणी फाटक लावेल. प्रत्येक गल्लीने आपापला कायदा करायचा तर मग पालिका कशाला हवी? आणि चालणाऱ्यांनी मोबाइल खिशात ठेवला तर निम्मे प्रश्न सुटतील.

पायरीवरची | रविवार, रात्री ११:२०

@तिरकस, फाटकाचा मुद्दा मान्य, तो मलाही टोचतो. मोबाइलचा नाही. आजोबांकडे मोबाइल नाहीये. आरसा गाडीलाच होता, बघायला.

ओळंबा | सोमवार, सकाळी ७:४५

मी कुंड्या उचलणाऱ्यांच्या बाजूचा माणूस आहे. तुमच्या गावचा नाही, पण रस्त्याच्या कामात वीस वर्षं गेली. तेव्हा शिव्या घालायच्या असतील तर आधीच घाला, मग पुढचं वाचा.

ती दोन पोती परत करा.

घरी बनवलेला स्पीडब्रेकर म्हणजे बहुधा अर्ध्या हाताचा, अरुंद आणि उंच उंचवटा. त्याची गंमत अशी की सावकाश येणाऱ्याला तो जोरात आपटतो आणि वेगात येणाऱ्याला कमी जाणवतो, कारण चाक आणि स्प्रिंग तो झटका मधेच गिळून टाकतात. म्हणजे शिक्षा नेमकी चुकीच्या माणसाला. १९७० च्या दशकात ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत यावर बरंच काम झालं आणि त्यातून लांबट, कमानीसारखा उंचवटा आला. लांबी साधारण ३.७ मीटर, उंची जेमतेम १० सेंटिमीटर. अख्खी गाडी त्यावर चढते आणि उतरते. सावकाश गेलात तर काही नाही, वेग वाढवलात की अंग उडतं. फरक सगळा लांबीत आहे, आणि लोक वाढवतात उंची.

शिवाय तो पाणी अडवतो. पाठीला मार लागलेल्या माणसाला घेऊन जाणाऱ्या रुग्णवाहिकेला तो लागतो. आणि रात्री, रंग नसेल तर, तो दिसत नाही.

कुंड्यांबद्दल नंतर लिहितो, साइटवर निघालोय.

सुसाट_पूर्वी | सोमवार, सकाळी ९:१०

'रात्री दिसत नाही' याचा जिवंत पुरावा हजर आहे.

चार वर्षांपूर्वी, रोजच्याच रस्त्याने दुचाकीवरून घरी येत होतो. रोजचाच असल्यामुळे बघायची गरज नव्हती. आदल्या दिवशी तिथल्या लोकांनी एकत्र येऊन सिमेंटचा बांध घातला होता. पट्टे नाहीत, फलक नाही, दिवाही बंद. मी वेगात होतो हे खरं आहे, नाव उगाच नाही ठेवलेलं. गळपट्टीचं हाड मोडलं, हात सहा आठवडे गळ्यात.

मजा पुढे आहे. ज्यांनी मला उचललं, पाणी दिलं, दवाखान्यात नेलं, त्यांनीच तो बांध घातला होता. त्यातल्या एका बाईंचा मुलगा त्याच ठिकाणी गाडीखाली येता येता वाचला होता. त्या रडत होत्या आणि मला सॉरी म्हणत होत्या. मला त्यांचा राग आला नाही, आजही येत नाही. पण त्या आठवड्यात तिथे माझ्या जागी मागे पिल्लू बसवलेली आई असती तर?

बांध दुसऱ्या दिवशी त्यांनीच फोडला. तिथे आजतागायत दुसरा कुठलाच उपाय झालेला नाही.

पायरीवरची | सोमवार, दुपारी १:०५

हा प्रतिसाद इमारतीच्या ग्रुपवर टाकते आहे. चालेल ना?

सुसाट_पूर्वी | सोमवार, दुपारी १:०८

जरूर. एक्स-रेसुद्धा देतो हवा तर.

पानोपानी | सोमवार, दुपारी ४:३०

पायरीवरची ताई, तुम्ही एकट्या नाही आहात. हे काम नवं तर अजिबात नाही.

नेदरलँड्सचे रस्ते आज सगळ्यांना दाखवले जातात, जसे काही ते तिथे तसेच उगवले. १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यावर ३,३०० च्या आसपास माणसं मेली, त्यात ४०० हून जास्त मुलं होती. विक लांगेनहॉफ नावाच्या पत्रकाराची मुलगी अशीच गेली. १९७२ मध्ये त्यांनी 'मुलांची हत्या थांबवा' असा सरळ लेख लिहिला आणि तेच चळवळीचं नाव झालं. लोक रस्त्यावर बसले, झोपले, रस्ते अडवले. अॅमस्टरडॅमच्या एका दाटीच्या वस्तीत तर मुलांनीच खेळायला रस्ता मागितला आणि अडवूनही दाखवला. डेल्फ्ट शहरात रहिवाशांनी स्वतःच फरसबंदी उखडून गाड्यांना वळसे घालायला लावल्याची गोष्ट सांगतात. त्यातून 'वोनर्फ' आलं, म्हणजे घराचं अंगणच असल्यासारखा रस्ता, जिथे गाडी पाहुणी. १९७६ मध्ये ते तिथल्या कायद्यात गेलं.

@तिरकस, म्हणजे 'अंगण वाढवणं' हा शब्द तुम्ही टोमणा म्हणून वापरलात, तिथे तो नियम झाला.

तुमच्या कुंड्यांच्या जवळची गोष्ट मात्र सिॲटलची आहे, २०१३ सालची. काही जणांनी रात्रीतून एका सायकलपट्टीच्या कडेने प्लास्टिकचे खांब उभे केले आणि मग पालिकेला अतिशय नम्र मेल लिहिला, की आम्ही हे मुद्दाम सहज निघणाऱ्या डिंकाने चिकटवले आहेत, नको असतील तर काढून टाका. पालिकेच्या वाहतूक अभियंत्याने खांब काढावे लागतील म्हणून चक्क दिलगिरी व्यक्त केली, परत द्यायची तयारी दाखवली, आणि काही महिन्यांनी त्याच जागी पालिकेनेच कायमचे खांब लावले.

माझ्या मते सगळी किमया त्या डिंकात आहे.

अवांतर: सॅन फ्रान्सिस्कोत डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी एकसारख्या तीन रस्त्यांचा अभ्यास केला होता. फरक फक्त दिवसाला किती गाड्या जातात याचा, साधारण २,०००, ८,००० आणि १६,०००. कमी गाड्यांच्या रस्त्यावरच्या माणसांना आपल्या रस्त्यावर गजबजलेल्या रस्त्यापेक्षा तिप्पट मित्र होते. हे ॲपलयार्ड १९८२ मध्ये अथेन्समध्ये भरधाव गाडीच्या धडकेत गेले. याच्यावर काय बोलणार.

तिरकस | सोमवार, सायंकाळी ५:१५

छान. जिथे जमलं तिथल्या गोष्टी सांगितल्यात. जिथे अटक झाली त्याही सांगा.

पानोपानी | सोमवार, सायंकाळी ६:००

सांगतो, लपवायचं काय. कॅलिफोर्नियातल्या व्हॅलेहो शहरात २०१३ मध्येच एकाने स्वतः झेब्रा पट्टे रंगवले, त्याला अटक झाली. लॉस एंजेलिसमध्ये २०२२ मध्ये एक गट न विचारता पट्टे रंगवायला लागला. त्यातले काही पालिकेने खरवडले, काही तसेच राहू दिले. पोर्टलंडमध्ये १९९० च्या दशकात एका चौकातल्या लोकांनी अख्खा चौक रंगवला, आधी पालिकेची नाराजी पत्करली, आणि काही वर्षांत त्याच प्रकाराला परवानगीची रीतसर वाट मिळाली. फासा कुठल्या बाजूने पडेल हे आधी सांगता येत नाही, हे कबूल.

ओळंबा | सोमवार, रात्री ९:५०

आता कुंड्या.

पट्टे रंगवण्याबद्दल आधी एक. घरातला ऑइलपेंट रस्त्यावर लावू नका. ओला झाला की त्यावरून दुचाकी घसरते, चालणाराही घसरतो. रस्त्याच्या रंगात काचेचे बारीक मणी असतात, दिव्याचा उजेड त्यातून उलटा गाडीवाल्याच्या डोळ्यात येतो, म्हणून ते पट्टे रात्री 'पेटतात'. तुमचे पेटणार नाहीत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चालणारा पट्ट्यांवर विसंबून पाऊल टाकेल आणि गाडीवाल्याला ते दिसलेलेच नसतील. नुसते पट्टे गाडी थांबवत नाहीत. रस्त्याचा आकार थांबवतो.

म्हणून सांगतो, तुम्ही जे केलंत ते कल्पना म्हणून अगदी बरोबर होतं. कोपऱ्याची गोलाई कमी केली की वळणारी गाडी सावकाश होते, ओलांडायचं अंतर घटतं आणि उभा माणूस पार्क केलेल्या गाड्यांच्या आडून बाहेर येऊन दिसायला लागतो. आम्ही हेच काम दगड लावून करतो.

जरा हिशोब बघा. सात मीटरचा रस्ता धडधाकट माणूस सहा सेकंदांत ओलांडतो. तेवढ्यात ताशी ५० ने येणारी गाडी ८० मीटरपेक्षा जास्त अंतर कापते. आजोबांना नऊ सेकंद लागत असतील तर ती १२५ मीटर येते. म्हणजे त्यांनी पाऊल टाकलं तेव्हा गाडी नजरेतच नव्हती. 'बघून ओलांडा' सांगणाऱ्यांनी हा आकडा खिशात ठेवावा. चार पावलं कमी झाली म्हणता, ती चार पावलं म्हणजे दोनतीन सेकंद.

मग कुंड्या का उचलतात? कारण मातीने भरलेली जड कुंडी धडकली तर फुटून माणसाच्या अंगावर येते, आणि त्या क्षणी कागदावर प्रश्न एकच असतो, ही इथे कोणी ठेवली? आमच्याकडे त्याचं उत्तर नसतं. उचलणारा माणूस तुमचा शत्रू नसतो, त्याला फक्त ते उत्तर नको असतं.

परत मांडायचंच असेल तर जड काही नको. वाकणारे, हलके, दुरून दिसणारे शंकू. दोन तासांसाठी, शाळेच्या वेळेत, दिवसाउजेडी, चमकणारे जॅकेट घातलेली माणसं शेजारी उभी, आणि आदल्या दिवशी पालिकेला व वाहतूक पोलिसांना लेखी कळवून. रात्री गुपचूप केलेलं काम सकाळी कचरा म्हणून उचलता येतं. कळवून केलेल्या कामावर कोणाला तरी सही करून 'नाही' म्हणावं लागतं. सही करायला आमच्यातला कोणीही फार उत्सुक नसतो, हे आतल्या गोटातून.

आणि मोजा. नाहीतर तुमचा अर्ज म्हणजे 'गाड्या फार जोरात जातात', आणि तसे अर्ज ढिगाने येतात.

पायरीवरची | सोमवार, रात्री १०:१२

मोजायचं कसं? आमच्याकडे यंत्र नाही.

ओळंबा | सोमवार, रात्री १०:२५

टेप घ्या, रस्त्याकडेला ५० मीटर अंतरावर दोन खुणा करा. फोनमधलं स्टॉपवॉच. पहिली खूण ते दुसरी खूण ६ सेकंद म्हणजे ताशी ३०. साडेचार सेकंद म्हणजे ४०. ३.६ सेकंद म्हणजे ५०. लपून मोजा, जॅकेट घालून मोजायला उभे राहिलात तर सगळे सभ्य होतात. एक माणूस मोजेल, दुसरा लिहील. शंभर गाड्या तरी धरा, आणि सगळ्या धरा, फक्त जोरात जाणाऱ्या नकोत. तोच घोळ सगळे करतात.

शाळासुटली | मंगळवार, सकाळी ८:२०

उशिरा आले. आम्ही दुसरी वाट घेतली होती, मुलांची 'चालती बस'. एक मोठा पुढे, एक मागे, ठरलेली वेळ, ठरलेले थांबे, मुलं वाटेत सामील होतात. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात डेव्हिड एंग्विक्ट यांनी ही कल्पना मांडली.

वर्षभर झकास चाललं. वीस मुलं एकदम ओलांडतात तेव्हा कोणीही थांबतो. पण खरं सांगू? पुढे पुढे मला त्याचा त्रास व्हायला लागला. मुलांना पिवळी जॅकेटं, पिवळ्या टोप्या, हातात झेंडे. मुलं रस्त्यावर चालताना खाणीत उतरणाऱ्या कामगारांसारखी दिसायला लागली आणि गाड्या होत्या तशाच राहिल्या. आणि ज्या दिवशी पुढचा मोठा आजारी, त्या दिवशी बस बंद.

बंद करा असं म्हणत नाही. आमच्यामुळे पालक एकमेकांना ओळखायला लागले आणि पुढच्या अर्जावर सह्या एका सकाळीत झाल्या. एवढंच, की चालती बस ही रस्ता सुधारण्याची जागा घेऊ शकत नाही.

तिरकस | मंगळवार, सकाळी १०:४०

कोलंबियातल्या बोगोटात १९९५ च्या सुमाराला महापौर अंतानास मॉकुस यांनी चौकाचौकात मूकाभिनय करणारे कलाकार उभे केले होते ना? पट्ट्यांवर गाडी घालणाऱ्याची नुसती नक्कल करायचे. दंड नाही, आरडाओरडा नाही. लोक लाजून मागे घ्यायचे. मला हा प्रकार तुमच्या शंकूंपेक्षा जास्त आवडतो. हसू आलं की भांडण होत नाही.

(आणि हो, ओळंबांचा तो सेकंदांचा हिशोब वाचल्यावर मोबाइलचं वाक्य थोडं मागे घेतो. थोडंच.)

चाहूल | मंगळवार, दुपारी १२:०५

मी पांढरी काठी घेऊन चालते, हा धागा फोन मला वाचून दाखवतो. तुमच्या सगळ्यांचं बोलणं आवडलं, पण एक विचारायचं राहिलंय, ते कोणीच विचारलं नाही.

कुंड्या नेमक्या कुठे होत्या?

फुटपाथची कड मला काठीने लागते. त्या कडेवरून मला कळतं की इथून पुढे रस्ता. शनिवारी रात्री कोणी माझ्यासाठी सुरक्षित केलेला कोपरा रविवारी सकाळी माझ्यासाठी अनोळखी असतो. जिथे रस्ता आणि फुटपाथ एकाच पातळीवर आणून 'सगळे मिळून वापरा' म्हणतात, तिथे तर मी उभीच राहते. डोळ्याला डोळा भिडवून ठरवायचं असतं म्हणे. माझ्यापुढे कोणी डोळे भिडवत नाही, भिडवले तरी मला कळत नाही.

काहीही ठेवा, पण काठीला जमिनीलगत लागेल असं ठेवा, चालायच्या पट्ट्यात नको, आणि मला आधी सांगा. माझ्या गल्लीत एकदा फुटपाथवर गाड्या चढू नयेत म्हणून लोकांनी दोन खांबांमध्ये साखळी बांधली होती. साखळी काठीच्या वरून जाते. मी तिच्यावर पडले.

पायरीवरची | मंगळवार, दुपारी १२:५०

चाहूल ताई, कुंड्या फुटपाथच्या बाहेर, रस्त्याच्या बाजूला होत्या. पण दोन कुंड्या उताराच्या अगदी तोंडाशी होत्या, तिथून चाकाची खुर्ची उतरते. हे आत्ता तुमचं वाचून आठवलं. आमच्या इमारतीत चाकाची खुर्ची कोणाकडे नाही, म्हणून सुचलंच नाही. लाज वाटली.

पायरीवरची | तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९:३०

धागा वर आणतेय.

पोती परत केली. सुसाट_पूर्वी यांचा प्रतिसाद वाचून दाखवल्यावर फार वाद झाला नाही.

दोन सकाळी आणि एक संध्याकाळ मोजलं. तिसऱ्या मजल्यावरच्या नववीतल्या मुलीने तक्ता केला, माझ्यापेक्षा शंभरपट सुबक. पत्र दिलं, पोच घेतली. उत्तर आलं नाही. ओळंबा म्हणाले तसंच, नाही म्हणायलाही कोणी सही केली नाही. मग गुरुवारी शाळेच्या वेळेत शंकू मांडले. एक वाहतूक पोलीस आले, पत्राची प्रत बघितली, अर्धा तास उभे राहिले आणि जाताना एक शंकू स्वतः हातभर आत सरकवून गेले. म्हणाले, इथून मोठी गाडी वळणार नाही नाहीतर. बरोबर होतं.

शंकू असताना परत मोजलं, तोही तक्ता लावून दुसरं पत्र दिलं. परवा रस्ते खात्याची माणसं आली. कोपऱ्यावर खांब ठोकून गेली! पाच! इमारतीत आनंदीआनंद. आजोबांनी उद्घाटन केलं, म्हणजे पलीकडे जाऊन आले.

नुसता_वाचक | रविवार, रात्री ९:३४

अभिनंदन!! आणि तो फुटलेल्या कुंडीचा फोटो काढला होता का?

चाहूल | रविवार, रात्री ९:५२

मनापासून अभिनंदन. दोन खांबांत अंतर किती आहे?

पायरीवरची | रविवार, रात्री १०:२०

टेप घेऊन खाली जाऊन आले. उतारासमोरच्या दोन खांबांत ६८ सेंटिमीटर.

ओळंबा | रविवार, रात्री १०:२६

चाकाच्या खुर्चीला निदान ९० लागतात. मधला एक खांब काढायला सांगा. काढायला, स्वतः काढायचा नाही. अर्जाला मोजमापाचा फोटो जोडा, फोटोत टेप दिसली पाहिजे.

पायरीवरची | रविवार, रात्री १०:३१

परत खाली जातेय. टेप धरायला आजोबा येताहेत.